अर्धंच सांगणाऱ्या जाहेदा मॅडम

ओवी, आदित्य,

परवा फोनवर ओवी सांगत होती की तिच्या नव्या कामात माहितीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात, आणि मधेच कुणी कान लावला तरी त्याच्या हाती काही लागू नये अशी तजवीज करतात. मी काही विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "जाऊ दे आजी, फार किचकट आहे." ओवी, ते मला थोडंफार ठाऊक आहे. नांदेडच्या आमच्या कॉलेजात, स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटाला पाठ लावून बसणाऱ्या एका बाईंनी ते मला समजावलं होतं. त्यांचं नाव निघालं की आजही लोक चुकीची गोष्ट सांगतात. बरोबर गोष्ट ठाऊक असलेली माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून लिहिते आहे.

जाहेदा मॅडम इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, मी इंग्रजी. त्यांच्या वडिलांचं जुन्या नांदेडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रू-ड्रायव्हर. बोलणं मात्र आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं, एकेक अक्षर सुटं. स्वभावाने त्या गोड मुळीच नव्हत्या. मंद विद्यार्थ्याला त्या तोंडावर मंद म्हणत, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल त्यांना कधी संकोच वाटला नाही. "मला कळतं ते मला कळतं म्हणायला कुणाच्या बापाची चोरी हाय का?" असं त्या प्राचार्यांनाही ऐकवत.

त्यांची एक सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. कुठलीही गोष्ट त्या पूर्ण सांगत नसत. अर्धी स्टाफरूममध्ये, उरलेली जिन्यात, आणि शेवटचा शब्द कधी कधी दुसऱ्या दिवशी. बसमध्ये बसल्या तर उतरायच्या गावाच्या पुढच्या गावाचं तिकीट काढत. कंडक्टर ओळखीचा झाल्यावर तोच विचारी, "मॅडम, तिकीट कुठलं आणि उतरणार कुठं?" त्या म्हणत, "तिकीट तू दे. उतरायचं माझं मी बघून घेते."

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हाची गंमत. प्राचार्यांना त्यांनी शुक्रवार सांगितला, आमचा शिपाई गंगाधर याला शनिवार, आणि मला रविवार. आठवडा उलटायच्या आत गणिताचे सर हसत हसत म्हणाले, "काय मॅडम, शनिवारच्या बिर्याणीला आम्हाला बोलावणं नाही?" जाहेदा मॅडमनी मान वळवून दाराकडे पाहिलं. "गंगाधर, तुझं तोंड लई मोकळं सुटलंय." गंगाधरला आधी उमजेना. मग बाकीच्यांचे वार ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अवो मॅडम, पोरीच्या लग्नाचा बी चार सेटचा पेपर काढला का तुम्ही?" सगळी स्टाफरूम हसली. लग्न गुरुवारी होतं.

मी हसले नाही. गंगाधरला चुकीचा वार सांगणं मी समजू शकत होते, मला का? सगळे तासाला गेल्यावर मी त्यांना तसं विचारलं. त्यांनी पर्सचा बंद उघडला, परत लावला. मग म्हणाल्या, "तुमच्यावर शक न्हाई. पण सगळ्यांना खरं सांगितलं की चोर ओळखायची खूणच राहत न्हाई. ही खूण मला लई महागात मिळाली, मॅडम." आणि त्या दिवशी, आमच्या ओळखीत पहिल्यांदा, त्यांनी एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली.

ती भूकंपाची होती. लातूरकडची गावंच्या गावं गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमिनीला मिळाली, हे तुम्ही तुमच्या आईकडून ऐकलं असेल. टेलिफोन बंद पडले होते. मदतीला आलेल्या लोकांनी वायरलेसचे संच आणले, आणि ते चालू ठेवायला कुणी हवं म्हणून जाहेदाचे अब्बा औशाच्या बाजूच्या एका छावणीत गेले. बरोबर लेकीला नेलं. ती तेव्हा नुकती नोकरीला लागली होती. तिचे उच्चार स्वच्छ म्हणून दुसऱ्याच दिवशी माईक तिच्या हातात आला. अमक्या गावाला पाणी पाठवा, तमक्या गावाला ताडपत्र्या. आणि ढिगाऱ्यातून एकटी निघालेली मुलं असत त्यांची वर्णनं. कुठे मामा, काका, आत्या असेल तर त्यांच्यापर्यंत निरोप जावा म्हणून.

मंगल नावाची सात-आठ वर्षांची मुलगी होती. घरातलं कुणी उरलं नव्हतं. ती बोलत नव्हती. नावगाव शेजारणीने सांगितलं. जाहेदाने तिला समोर पोत्यावर बसवलं आणि माईकवर सांगितलं: नाव मंगल, बापाचं नाव हे, गाव हे, हिरवा फ्रॉक, डाव्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग. दोनदा सांगितलं, कारण हवेत खरखर होती.

दुसऱ्या दिवशी एक माणूस जीप घेऊन आला. पांढरा सदरा, डोळे रडून लाल. म्हणाला, मी तिचा मामा. छावणीवाल्यांनी विचारलं, खूण काय? तो घडाघडा बोलला. नाव, बाप, गाव, डाव्या गुडघ्यावर डाग. सगळं आदल्या दिवशीच्या वर्णनाशी जुळलं. लोकांचे डोळे भरून आले. शेजारीण दुसऱ्या गावाला गेली होती, ओळखणारं कुणी जवळ नव्हतं. जाहेदाने स्वतः मुलीच्या पायात चपला घातल्या आणि तिला जीपमध्ये बसवलं. मुलगी तेव्हाही बोलली नाही.

"मग संध्याकाळी मी एरियलची तार गुंडाळून राहिले होते," त्या म्हणाल्या. "आणि हात थांबला. पोरगी माझ्या समोर बसली होती, मॅडम. माझ्या डाव्या बाजूला तिचा उजवा गुडघा. डाग उजव्या गुडघ्यावर होता. मी चुकीचं बोलले होते. आणि त्या माणसानं माझी चूक जशीच्या तशी सांगितली. त्यानं पोरगी कधी पाहिलीच नव्हती, हवेत ऐकली होती."

त्या पुढे बोलत राहिल्या.

"खरा मामा अडखळला असता. त्याला गुडघा आठवला नसता, फ्रॉक कुठला ते कसं आठवणार. त्याला तिचं हसणं आठवलं असतं, कुठं पडली होती ते आठवलं असतं. ह्याला सगळं पाठ होतं. ज्याला सगळं पाठ, त्याच्याच हातात आम्ही पोरगी दिली."

जीप कुठून आली, कुठे गेली, कुणीच पाहून ठेवलं नव्हतं. पोलिसांनी शोधलं. मंगल सापडली नाही.

त्यानंतरच्या त्यांच्या सगळ्या सवयी ह्या एका चुकीतून आल्या होत्या. अर्धं सांगायचं, प्रत्येकाला थोडं वेगळं सांगायचं, म्हणजे गोष्ट फिरून आली की ती कुठून फिरली ते कळतं. गंगाधर बिचारा त्यांना चक्रम समजत राहिला, आणि मीही त्याला कधी काही सांगितलं नाही.

भूकंपानंतर पुष्कळ वर्षांनी, संगणक आणि बिनतारी यंत्रं आमच्याकडेही आल्यावर, त्या ह्याच विषयावर संशोधन करायला लागल्या. निबंध इंग्रजीत लिहावे लागत. त्यांचं इंग्रजी म्हणजे नेटकी उभी भिंत, पण दारं-खिडक्या नसलेली. ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. कळल्याशिवाय मी एक स्वल्पविरामही हलवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून त्यांना मला समजावून सांगावं लागे.

"माझं गुपित सात," त्या म्हणाल्या. "मी मनात एक खोटा आकडा धरला, बारा. एका डब्यात बारा ठेवला. दुसऱ्यात दोन्हीची बेरीज, एकोणीस. चोरानं बारा ऐकला, काय कळलं त्याला? काहीच न्हाई. एकोणीस ऐकला? तरी काहीच न्हाई. दोन्ही डबे ज्याच्याकडं आले, त्यानं वजा करावं आणि सात घ्यावं." माहिती साठवणाऱ्या यंत्रांना त्या डबेच म्हणत. त्यांच्या निबंधात डबे पुष्कळ होते, गणित माझ्या डोक्यावरून जाणारं होतं, पण मूळ हे एवढंच.

"मग अडचण कुठे आहे?" मी विचारलं.

"दुरुस्तीत. एक डबा जळला की बाकीचे डबे त्याच्या जागी आलेल्या नव्या डब्याला त्याचा हिस्सा परत सांगतात. तवा हवेत लई बोलणं होतं. वायर असली तर चोराला वायरीपर्यंत यावं लागतं. हवेत नुसता कान लावायचा. आणि हुशार चोर नीट चाललेल्या डब्याजवळ बसतच न्हाई, मोडलेल्याजवळ बसतो." आणि म्हणाल्या, "भूकंपात बी तेच झालं. मोडलेलं उभं करताना आपण लई बोललो."

त्यांची सगळी धडपड त्यासाठी होती. डबा दुरुस्त होत असतानाही ऐकणाऱ्याला फक्त खोट्या आकड्यांची खरखर ऐकू यावी.

एका निबंधाच्या सुरुवातीला त्यांनी लिहिलं होतं की चोरून ऐकणारा डब्यांच्या जाळ्याच्या बाहेर आहे, आणि माहितीच्या खऱ्या मालकाला सगळे तुकडे मिळतील. मी पेन्सिलीने समासात विचारलं, "हा मालक कोण?" त्यांनी ते वाचलं आणि त्यांना राग आला. "मालक म्हणजे मालक. ज्याचं हाय तो. तुम्ही इंग्रजी बघा, मॅडम."

आता बालाजीचं सांगते. तो हदगावकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, जाहेदा मॅडमचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. मंद न म्हटलेला बहुधा एकटाच. पुढे तो लातूरला गेला आणि त्याने क्लास काढला. ते दिवसच तसे होते. लातूरच्या गल्ल्यांमध्ये घरापेक्षा हॉस्टेलं जास्त झाली होती. प्रत्येक गच्चीवर वाळत घातलेले एकसारखे टॉवेल, प्रत्येक चौकात हसऱ्या चेहऱ्यांचे फलक, जूनमध्ये बसस्टँडवर पत्र्याच्या पेट्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊन उतरणारे आईबाप. बालाजीचा क्लास दोन-तीन खोल्यांवरून बघता बघता लातूर-नांदेड मिळून कितीतरी इमारतींमध्ये पसरला. दुसरे क्लासवाले त्याच्या पोरांचे मार्क, पालकांचे फोन मिळवून पोरं पळवत. खोदकामात केबल तुटायची, वीज जायची. तो नांदेडला आला, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहेदा मॅडमच्या पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचे डबे माझ्या गच्च्यांवर बसवा. पुस्तकातली विद्या कुठंतरी उभी राहू द्या."

त्यांनी ते बसवले. लातुरातल्या इमारतींवर बिनतारी संदेशांच्या लहान लहान तबकड्या, प्रत्येक इमारतीत एक डबा, आणि डब्याडब्यांत माहितीचे तुकडे. पावसाळ्यात विजा पडून डबे जळत. बाकीचे डबे नव्याला उभं करत. दर रविवारी त्या नांदेडहून बसने जात, तिकीट अर्थातच लातूरच्या पुढचं.

मुलींच्या हॉस्टेलवर बालाजीने एक बाई नेमली होती, मुलींशी बोलायला. आदल्या वर्षी एक-दोन वाईट प्रसंग झाले होते, त्यानंतरची ही सोय. मुली त्या बाईजवळ मन मोकळं करत आणि ती ते टिपून ठेवी. जाहेदा मॅडमनी अट घातली की मार्कांपेक्षा आणि फोन नंबरांपेक्षा ह्या टिपणांवर पहारा कडक हवा. तुकडे जुळून पूर्ण मजकूर फक्त दोन ठिकाणी निघणार होता: त्या बाईकडे, कारण तिला काम करायचं होतं, आणि बालाजीच्या केबिनमध्ये, कारण तो म्हणाला, "मॅडम, उद्या काही झालं तर पालक माझी कॉलर धरतील. मला दिसायला हवं."

"त्याला कशाला?" मी विचारलं.

"तो माझा विद्यार्थी हाय," त्या म्हणाल्या. एवढंच. ज्या बाईने माझ्यापासून मुलीच्या लग्नाचा वार लपवला, तिने हे वाक्य असं म्हटलं जसा तो आकडा आहे आणि त्यात वजा करण्यासारखं काही नाही.

सवय मात्र सुटली नव्हती. दोन्ही ठिकाणी मजकूर जुळून आल्यावर प्रत्येक मुलीच्या टिपणात एकेक लहानशी खोटी गोष्ट आपोआप मिसळेल, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. किनवटकडच्या जंगलातल्या गावची वनिता नावाची मुलगी होती. बाईच्या प्रतीत तिला लातुरात एक आत्या होती. बालाजीच्या प्रतीत मोठा भाऊ. जगात दोघेही नव्हते.

त्या रविवारी मी माझ्या बहिणीकडे लातूरला निघाले होते, म्हणून जाहेदा मॅडमच्याच बसमध्ये होते. त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं चला, डबे दाखवते." आम्ही मुलींच्या हॉस्टेलात शिरलो तर दारातच एक माणूस उभा होता. डोक्याला उपरणं, हातात पिशवी. समोर वनिता. किडकिडीत, वेणी घट्ट, हातात अजून पेन.

"फोन आला होता," बाप हॉस्टेलच्या वॉर्डनला सांगत होता. "कोण्या कॉलेजातून बोलून राहिला होता. म्हणला, तुमची पोरगी मेसमधी एका पोरासमोर जाऊन बसते. रोज बोलते. तेच्यासाठीच जेवायला उतरते. आमच्या कॉलेजात घाला, जवळ हाय, नजरेखाली राहील. म्हणला, तिच्या मोठ्या भावाला तरी पाठवा, समजावून सांगू." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "आता मला पोरगाच न्हाई तर भाऊ कुठून पाठवू?"

जाहेदा मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. त्यांच्या बोटांना इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. हवेतून कुणी चोरलं असतं, तर वनिताला भाऊ नसता. बाईकडून फुटलं असतं, तर आत्या असती. भाऊ एकाच केबिनमध्ये राहत होता.

पण त्या क्षणी त्यांना बालाजीचं काही पडलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या पुढे झाल्या.

"दादा, ऐका. फोनवाला खोटारडा हाय. तुम्हाला पोरगा न्हाई, तरी तो भावाचं बोलला ना? ज्याला एवढं बी ठाऊक न्हाई, त्याचं बाकीचं कसं खरं धरता?"

बाप विचारात पडला. खरोखर पडला, त्याचा चेहरा थोडा सैल झाल्याचं मी पाहिलं. मग तो मुलीकडे वळला आणि अगदी हळू आवाजात, न रागावता म्हणाला, "वनिते, बाई म्हणून राहिल्या तसं हाय का? बाकीचं बी खोटं हाय ना?"

वनिताने बापाकडे पाहिलं. मग जाहेदा मॅडमकडे. ती 'हाव', म्हणजे 'हो', म्हणाली असती तर त्या दिवशी बाप घरी परतला असता. पण तिने हॉस्टेलच्या त्या टिपणं ठेवणाऱ्या बाईला जे सांगितलं होतं ते खरं होतं, आणि बापापुढे खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ती खाली पाहत राहिली.

"चल, पेटी भर," बाप म्हणाला.

जाहेदा मॅडम बोलत होत्या, त्यामागे वॉर्डन बोलत होती, "परीक्षा जवळ आलीय, निदान तेवढी तरी", पण बाप आता ऐकत नव्हता. रिक्षात बसताना वनिताच्या हातात ते पेन तसंच होतं.

मी बहिणीकडे न जाता त्यांच्याबरोबरच परतले, आणि परतीच्या बसमध्ये जाहेदा मॅडमनी पहिल्यांदाच नांदेडचं तिकीट मागितलं. कंडक्टरने दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिकीट पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, "मी ऐकणाऱ्यासाठी जन्मभर भिंती बांधल्या, मॅडम. विकणाऱ्यासाठी एक बी न्हाई बांधली."

फोन एकट्या वनिताच्या घरी गेला नव्हता. ज्या कॉलेजांच्या जागा भरत नाहीत त्यांचे एजंट गावोगाव फोन करत होते, आणि प्रत्येक घरात बोलायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. पोरींची वर्षाची फी बालाजीने आधीच घेतली होती, एजंटांचे पैसे त्याला वरचे. पालक चिडून क्लासवर आले. बालाजीने त्यांच्यासमोर हात जोडले. पाया पडण्यात तो पूर्वीपासूनच तरबेज होता. म्हणाला, "काय करू? मॅडमवर विश्वास टाकला. बिनतारी सिस्टीम, कुणीतरी हवेतून ऐकलं." मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "अहो, आपल्या पोरींचं सगळं त्यांच्या हातात द्यायचंच कशाला?" 'त्यांच्या' ह्या शब्दावर जो जोर होता तो मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही. बालाजीने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

बातमी नांदेडला आमच्या कॉलेजात आली आणि प्राचार्यांनी चौकशी समिती बसवली. समितीत सगळे पुरुष होते, सगळे आमच्याच स्टाफरूममध्ये चहा पिणारे. मी होऊन त्यांच्यापुढे गेले आणि हॉस्टेलच्या दारात ऐकलेलं सगळं सांगितलं, भावाचं, आत्याचं. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही ऐकलंत. पुरावा कुठे आहे?" पुरावा जाहेदा मॅडमकडे होता. दोन्ही प्रती समोर ठेवल्या की शेंबडं पोरही सांगू शकलं असतं की कुठली फुटली. समितीला तेच हवं होतं, आणि एका मुलीचं दाखवून भागणार नव्हतं. "सगळ्यांच्या नोंदी आणा, आम्ही ताडून बघतो."

मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, निदान वनिताचं तरी दाखवा, तिचं तर आता फुटलंच आहे.

"तिच्या बापानं ऐकलं," त्या म्हणाल्या. "तिच्या गावानं अजून ऐकलं न्हाई."

"समितीतली माणसं बाहेर बोलणार नाहीत."

"लग्नाचा वार पचला न्हाई त्यांना." मग चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या, "मॅडम, एकदा मी चांगल्यासाठी माईकवर बोलले होते. आता पुन्हा चांगल्यासाठीच बोलू म्हणता?"

समितीपुढे जायच्या आधी त्यांनी खोटे आकडे पुसून टाकले. सगळे. ओवी, तुला कळेल: बारा गेला की एकोणीसला काही अर्थ राहत नाही. दोन्ही प्रतीही पुसल्या. लातुरातल्या गच्च्यांवरच्या डब्यांमध्ये उरली ती नुसती खरखर. समितीने विचारलं, नोंदी कुठे आहेत? त्या म्हणाल्या, "पुसल्या." का? "पुसल्या म्हणजे पुसल्या." समितीने निष्कर्ष काढला की त्यांनी स्वतःचा दोष झाकायला पुरावा नष्ट केला. कागदोपत्री तेच आहे. आजही तेच आहे.

त्यांची प्रयोगशाळा काढून घेतली गेली. निवृत्त होईपर्यंत त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिकं शिकवत राहिल्या, आणि स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं थांबायला लागलं. पूर्वी त्या अर्धं बोलत, आता बाकीचे. जो निबंध मी दुरुस्त करत होते तो त्यांनी परत मागून घेतला. त्यात 'खरा मालक' ह्या शब्दांवर त्यांनी इतकी आडवी रेघ ओढली होती की कागद फाटला होता. निबंध कुठेच छापून आला नाही. बालाजीचा क्लास नांदेडच्या कॉलेजसमोर आला. त्याच्या फलकावरचे हसरे चेहरे त्या गेटातून जाता-येता रोज पाहत. मान वळवत नसत.

आता शेवटचं.

दोन वर्षांपूर्वी, सीताफळांच्या दिवसांत, माझ्या दाराशी एक बाई आली. तिशीची असेल. हातात पिशवी. जाहेदा मॅडमचं घर विचारत होती. कॉलेजात कुणीतरी तिला माझा पत्ता दिला होता. मलाही आता सवय लागली आहे. मी लगेच सांगितलं नाही. नाव विचारलं. वनिता. गाव, बापाचं नाव, सगळं तिने सरळ सांगितलं. म्हटलं, मॅडमकडे काय काम आहे?

तिथे ती अडखळली. पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. "त्या दिवशी मी नुसतं 'हाव' म्हणायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "त्या माझ्यासाठी बोलून राहिल्या होत्या आणि मी गप्प बसले. मग त्यांच्यावर समदं आलं म्हणे. एवढंच सांगायचं होतं." हॉस्टेल सोडलं त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं होतं. आता ती गावच्या अंगणवाडीत काम करत होती.

मी तिला रिक्षाने जुन्या नांदेडात घेऊन गेले. रेडिओचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. तिला खाली उभं करून मी जिना चढले. जाहेदा मॅडम जाळीच्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर अब्बांच्या वेळचा एक रेडिओ उघडा. मी सांगितलं, वनिता आली आहे.

त्यांनी वर पाहिलं नाही. "नाव-गाव बरोबर सांगितलं?"

"हो."

"कुठं अडखळली?"

"तुमच्याकडे काय काम आहे, ह्या प्रश्नाला."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मग खरीच हाय," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं आता उठतील. त्या उठल्या नाहीत. "तिला सांगा, मॅडम हैदराबादला लेकीकडं गेल्या."

"जाहेदा, ती इतक्या लांबून आली आहे. तिला तुमची माफी मागायची आहे."

"म्हणूनच सांगते. ती माझी माफी मागेल. मग मी तिला काय सांगू? कुठून फुटलं, ती वाट मीच करून दिली, ते सांगू?" त्यांचा आवाज तसाच होता, एकेक अक्षर सुटं. "जा, मॅडम. हैदराबाद म्हणा."

मी खाली येऊन हैदराबाद म्हणाले. वनिताने माझ्याकडे पाहिलं, मग हसली. तेवढ्यापुरती ती हॉस्टेलातली मुलगी झाली. "आमच्या हॉस्टेलात समद्या पोरींना ठाऊक होतं," ती म्हणाली. "मॅडम ज्या गावाचं नाव सांगतात, तिथं त्या कधीच नसतात."

तिने वर पाहिलं. जाळीमागे जाहेदा मॅडम उभ्या होत्या. कपाळ जाळीला टेकलेलं, दोन्ही हात चौकटीवर. वनिताने पिशवी बंद दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि वर बघत नुसता हात उचलला.  मग खिडकीची झडप ओढली गेली, आणि आतून रेडिओ लागला, अगदी मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका. कुठलंच स्टेशन लागलेलं नव्हतं. आम्ही गल्लीच्या वळणावर पोचलो तरी मागून नुसती खरखर येत होती.